पोपट मास्तरांचा अंगठा

सत्तावन्न सालच्या जूनमध्ये डोंबिवलीच्या वाचनालयाचं नाटक बारा दिवसांवर आलं होतं, आणि नेमका तेव्हाच अण्णा खांबेट्यांच्या डाव्या पायाचा अंगठा सुजला. सुजून टोमॅटोसारखा लाल झाला. पांघरुणाचं टोक लागलं तरी अण्णांच्या डोळ्यांत पाणी येई. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी एकच काम मन लावून केलं होतं, सरदार हिंमतरावाची भूमिका पाठ करण्याचं. तिसऱ्या अंकात हिंमतराव दरबारात येऊन तलवार उपसतो आणि तीनदा पाय आपटतो.

त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई त्यांना टांग्यात घालून डॉक्टर हेमा टिपणीसांकडे घेऊन गेल्या. हेमाताईंनी दुरूनच अंगठा पाहिला आणि म्हणाल्या, "हा गाउट. नवीन गोळी निघाली आहे, तीन दिवसांत सूज उतरेल. पण नीट ऐका. दिवसाला तीन, पाच दिवस, एकूण पंधरा. जेवण झाल्यावरच घ्यायची, रिकाम्या पोटी नाही. सोबत डोकेदुखीची दुसरी कुठली गोळी नको, मीठ कमी. घसा दुखला, ताप आला, अंगावर पुरळ उठलं, पोटात जळजळलं किंवा शौच काळी झाली, तर गोळी बंद करून माझ्याकडे यायचं. आणि सहावा दिवस नाही."

"सहाव्या दिवशी दुखलं तर?"

"तर मी आहे. गोळी नाही."

गोळीने खरोखर कमाल केली. तिसऱ्या दिवशी अण्णा तालमीला चालत गेले, पाचव्या दिवशी त्यांनी पाय असा आपटला की शाळेच्या हॉलची फळी उचकटली. त्याच रात्री गोळ्या संपल्या, आणि सातव्या दिवशी अंगठ्यात पुन्हा बारीकशी कळ येऊन तो फुगू लागला. अण्णा दवाखान्यात गेले. हेमाताई म्हणाल्या, पाय उशीवर ठेवा, थंड पाण्याची पट्टी लावा, पाणी भरपूर प्या, आणि नाटकात बसून बोला.

बसून बोलणारा हिंमतराव अण्णांच्या कल्पनेतही मावेना.

मग त्यांनी पोपट मास्तरांना बोलावलं. पोपट मास्तर शाळेत चित्रकला शिकवत आणि वाचनालयाच्या नटांना रंगवत. नाकाला मेण लावून ते दिवाणजीला कावळ्याची चोच आणत, आणि तेच मेण वापरून गेल्या वर्षी त्यांनी एका धडधाकट माणसाला असा कुबडा केला होता की त्याच्या आईनेही विचारलं, याला काय झालं.

"मास्तर," अण्णा म्हणाले, "तुमच्या कलेची परीक्षा आहे."

दुपारभर मास्तर स्वतःच्या डाव्या अंगठ्यावर मेण चढवत बसले. मग लाली, तिच्यावर जांभळी छटा, कातडी ताणलेली दिसावी म्हणून तेलाचा हलका हात. अण्णा शेजारी बसून आपला अंगठा नमुन्यादाखल पुढे करत होते. काम झाल्यावर दोघांना ओळखू येईना कोणता कोणाचा.

हेमाताईंच्या टेबलापाशी मास्तरांनी पाय पुढे केला. त्या वाकल्या, तेवढ्यात मास्तरांनी असा आवाज काढला की बाहेर बसलेलं एक मूल रडू लागलं.

"हात नका लावू हो डॉक्टर."

"नाही लावत," हेमाताई मागे सरल्या. गाउटच्या रोग्याला हात लावू नये हे त्यांना ठाऊक होतं. पोटाचं काही, रक्तदाबाचं काही, सगळे प्रश्न विचारून त्यांनी चिठ्ठी लिहिली. पंधरा गोळ्या. मास्तर लंगडत बाहेर पडले, कोपऱ्यावर वळले आणि धावत सुटले.

त्या पंधरा गोळ्यांचा अण्णांनी स्वतःच नवा हिशेब मांडला. तालीम जोरात होती म्हणून दिवसाला पाच. पहिली पहाटे चहाबरोबर, कारण जेवणाची वाट बघायला वेळ कुठे होता. डोकं दुखलं तेव्हा जुन्या डब्यातली अॅस्पिरिनही त्यांनी वर टाकली. पोटात जळजळू लागलं तेव्हा सोडा घेतला. सुहासिनीबाईंनी विचारलं, "चेहरा का उतरलाय?" तर म्हणाले, "भूमिकेत शिरतोय."

तिसऱ्या दिवशी शौच डांबरासारखी काळी झाली. त्यांना हेमाताईंचे शब्द आठवले. पण आदल्या दिवशी पाव शेर जांभळं खाल्ली होती, तेव्हा दोष जांभळांचा, असं त्यांनी स्वतःला पटवलं. त्या संध्याकाळी तालमीत त्यांनी तलवार उपसली, आणि पाय आपटण्याऐवजी ते हळूच खाली बसले. ओठ पांढरे पडले होते.

हेमाताई पाच मिनिटांत आल्या. नाडी धरून त्यांनी विचारलं, "किती गोळ्या घेतल्या?"

बोलले ते पोपट मास्तर. मान खाली घालून त्यांनी मेण, लाली, तेल, सगळं सांगितलं.

हेमाताईंनी नाडी सोडली. मग म्हणाल्या, "मी कल्याणच्या एका डॉक्टर मैत्रिणीला पत्र लिहिलं होतं, असा स्पष्ट अंगठा मी आजवर पाहिला नाही म्हणून." आणि मग कडक आवाजात, "चुकलंच माझं. उजव्या पायाशी ताडून बघायला हवं होतं. पण तुम्ही दोघांनी मिळून पोटाला जखम केलीत. आता ठाण्याला जायचं. लगेच."

ठाण्याच्या इस्पितळात अण्णांना रक्त चढवावं लागलं. दोन दिवस नुसतं पाणी आणि गार दूध, मग पातळ पेज. नाटकाच्या दिवशी ते पलंगावरच होते. हिंमतरावाची भूमिका अण्णांच्या तालमी ऐकून ऐकून एकाच माणसाला पाठ झाली होती, त्यामुळे ती पोपट मास्तरांनी केली.

दुसऱ्या दिवशी मास्तर भेटायला आले. अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "कसं झालं?"

"पडलं," मास्तर म्हणाले. "तुमच्यासारखं कुठे जमणार. लोक मध्येच उठून गेले."

अण्णांच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा रंग आला. मित्राच्या अपयशाचं वाईट वाटत असल्यासारखा चेहरा करून त्यांनी मास्तरांची पाठ थोपटली.

मास्तर गेल्यावर सुहासिनीबाई पेजेची वाटी घेऊन आल्या. त्यांनी नाटक पाहिलं होतं आणि खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"दरबारात शिरताच टाळ्या पडल्या," त्या म्हणाल्या. "संपल्यावर लोक उठेचनात. हेमाताई तर उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या."

अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मीठ आहे का गं त्यात?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही."

"बरं, दे."