चेहऱ्यावर उजेड

आजारी माणसाची खाट कोपऱ्यात असावी, भिंतीला लागून. बाईंनी मात्र कपाट सरकवलं, टेबल बाहेरच्या खोलीत ढकललं आणि नवऱ्याची खाट फिरवून थेट खिडकीसमोर आणली. त्यांना कारण विचारायची कोणाची टाप नव्हती, पण पोटची पोर विचारणारच.

"चेहऱ्यावर उजेड नसला तर बोलणं पोचत नाही," बाई म्हणाल्या. "एवढी वर्षं रंगभूमीवर काय मी झाडू मारत होते?"

"पण इथं बोलणार कोण आहे आई?"

"तुझे बाबा."

बाबा बोलत नव्हते. डोक्यात रक्ताची गाठ झाली, उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. डॉक्टरांनी मायलेकींना दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं की हृदयही थकलंय, फार आशा धरू नका, कदाचित एखादा शब्द येईलही. बाईंनी त्यातलं शेवटचं तेवढं उचललं आणि बाकीचं डॉक्टरांच्या पदरात परत टाकलं.

आता तो शब्द कोणता यावा, हेही त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

नवरा नाटक कंपनीतला प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसून अडलेल्या नटाला वाक्य पुरवायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना कुजबुजे म्हणत. खरं आडनाव कोणाला आठवतही नसे. बाई शाळेत गेल्या त्या अक्षरओळखीपुरत्या. जोडाक्षरं सुरू झाली आणि धाकटं भावंड सांभाळायला आईनं घरी बसवलं. दुकानाची पाटी वाचता यायची, भूमिका नाही. म्हणून कुजबुजे वाचायचे आणि बाई ऐकून पाठ करायच्या. लग्नाआधी तालमीच्या हॉलमध्ये, लग्नानंतर स्वयंपाकघरात, एकीकडे कांदा चिरत.

"सपाट वाचा," ही बाईंची पहिल्या दिवसाची ताकीद. "रडायचं की हसायचं ते माझं मी बघीन. तुम्ही रंग भरलात तर तो माझ्या अंगाला लागतो, मग धुता धुता जीव जातो."

कुजबुजे भला माणूस, शिकले. आई गेल्याचं वाक्य आणि चहा गार झाल्याचं वाक्य ते एकाच आवाजात वाचू लागले. प्रयोगात बाई अडल्या तर फक्त पहिला शब्द द्यायचे. पूर्ण वाक्य दिलं तर नटाचा अपमान होतो, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

पण आवाजातला रंग एकदा काढला की तो संध्याकाळी घरी आल्यावर परत भरता येत नाही. मुलगी झाली तेव्हा "मुलगी झाली" असं ते सपाटच म्हणाले. बाई तापानं फणफणल्या तेव्हा "ताप आहे" म्हणाले आणि रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. प्रयोगानंतर लोक रडून सुजलेले डोळे घेऊन मेकअपच्या खोलीत यायचे, बाईंचे हात धरायचे. सगळे गेले की बाई आरशातूनच विचारत, "कसा झाला?"

"झाला," कुजबुजे म्हणत. "चला, बस सुटेल."

लोक विचारत, बाई, एवढं पाणी डोळ्यांत आणता कुठून? बाई फटकारत, "तुमच्यासारख्यांच्या प्रश्नांनी येतं." खरं ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. समोर हजार माणसं असली तरी बाई काम करायच्या त्या डावीकडच्या अंधारातल्या एका कानासाठी. टाळ्या समोरून यायच्या, त्या ठीक. पण तो कान सगळं ऐकत होता आणि काही सांगत नव्हता. आज बरं झालं म्हणेल, उद्या म्हणेल, असं करत बाई म्हाताऱ्या झाल्या. कला म्हणून लोक ज्याचं कौतुक करत होते, त्यात निम्मा तर हा हट्टच होता.

आता माणूस हातचा चालला होता आणि ते एक वाक्य राहिलं होतं.

खाट फिरवल्यापासून रोज दुपारी कुजबुजे डाव्या हातानं बाईंचं मनगट धरत. भुवया जवळ येत, डोळे बारीक होत, ओठ हलत. डोळ्यांतून पाणी ओघळे. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या बाई ते पदरानं पुसत आणि पुढं झुकत. आता येतंय, त्यांना वाटे. जन्मभर त्यांनी दिलेल्या शब्दांवर आपण चाललो, आता आपली पाळी.

"तुझ्यासारखी..." बाई पहिला शब्द देऊन थांबत.

कुजबुजे मान हलवत. नाही.

"बरं. मी तुला..."

नाही.

"कधी बोललो नाही, पण..."

कुजबुजे डोळे घट्ट मिटून घेत. हाताची पकड सुटे. बाई म्हणत, दमले, उद्या बघू. आणि उद्या पुन्हा तेच. मुलगी दारातून बघायची, कपाळाला हात लावून आत जायची.

एका दुपारी ती चादर बदलायला आली. उशी सरळ करायला तिनं बाबांच्या डोक्याशेजारी डोकं नेलं आणि एकदम हात डोळ्यांवर धरला.

"अगं आई गं! इथं डोळे फुटतात की!"

"कशानं?"

"उन्हानं. समोरच्या इमारतीच्या काचांवरून सरळ इथं येतंय. ये, वाकून बघ तू."

बाई वाकल्या. पांढरी धारदार तिरीप डोळ्यांत घुसली आणि त्यांच्याही डोळ्यांतून घळकन पाणी आलं. कानाजवळ कुजबुजेंचे ओठ हलले. शब्द आला, घोगरा पण स्वच्छ.

"खिडकी."

मुलीनं धावत जाऊन पडदा ओढला. मग ती वळली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

"ऊन लागत होतं त्यांना. इतके दिवस. आणि तू संवाद देत बसलीस!"

"मला वाटलं..."

"काय वाटलं? नाटकातलं रडणं कुठलं आणि उन्हाचं पाणी कुठलं, हे तुला कळू नये? तुला?"

मुलगी चादर तशीच टाकून बाहेर गेली.

कुजबुजेंनी लांब श्वास सोडला. कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडल्या आणि त्यांना झोप लागली. खोलीत अंधारून आलं होतं. बाईंना त्यांचा चेहरा नीट दिसतही नव्हता. मग त्यांना सुचलं ते इतकं साधं होतं की स्वतःचीच लाज वाटली. त्यांना वाक्यं कसली भरवत होतीस, सरळ विचारायचं होतंस : अहो, मी कशी काम करायचे? शब्द सापडलाय आता त्यांना, हो-नाही तरी म्हणतील. खांद्याला हात लावायचा अवकाश.

बाईंनी हात पुढं केला. खरंच केला. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो माणूस गाढ झोपला होता. बाईंनी हात मागं घेतला, स्वतःच्या मांडीखाली दाबला आणि बसून राहिल्या.

दिवेलागणीच्या आधी, त्याच झोपेत कुजबुजे गेले.

कंपनीची माणसं भेटायला आली. मॅनेजर बाईंच्या समोर बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाई, कुजबुजे मला नेहमी म्हणायचे. बाईंसारखी नटी पुन्हा होणे नाही."

मुलीनं चमकून आईकडे बघितलं.

"कधी म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"नेहमीच. विंगेत."

"विंगेत ते पुस्तकाबाहेरचं अवाक्षर बोलत नसत."

मॅनेजर खाली बघू लागले. कोणीतरी उगाच खोकलं.

"पुन्हा म्हणा," त्या हळूच म्हणाल्या.

"काय बाई?"

"तेच वाक्य. म्हणा पुन्हा."

मॅनेजरांनी म्हटलं. या वेळी त्यांच्या आवाजात रंग भरून आला होता, आणि तो खरा होता. बाईंनी डोळे मिटून शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "चांगला माणूस आहात तुम्ही. चहा घेऊन जा."