डोकं भिजू नये म्हणून

मी दवाखान्यातली ढकलखाट बोलतेय. तुम्ही मला स्ट्रेचर म्हणता. इथला वॉर्डबॉय शिवा मात्र म्हातारी म्हणतो. "चल गो म्हातारे, गिऱ्हाईक आला," म्हणत मला ढकलतो. म्हणून मीही स्वतःला बाईमाणूसच समजते.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या कारखान्यातला. लोखंडी नळ्या, चार चाकं, वर रेग्झिनची गादी. टेम्पोतून आंबा घाट उतरले आणि हायवेजवळच्या या दवाखान्यात राहिले. तेव्हा माझ्यावर अडलेल्या बाया यायच्या, पान लागलेले, म्हणजे साप चावलेले यायचे, आंब्यावरून पडलेले यायचे. एकीला तर दारातच, माझ्यावरच मुलगी झाली. शिवा दोन दिवस मला पुसताना गात होता.

मग रस्ता रुंद झाला, घरोघर दुचाकी गाड्या आल्या. आता बहुतेक रस्त्यावरच्या अपघातातलेच येतात.

मला अक्षर कळत नाही. पण गादीवर डाग कुठे पडलाय ते बघून कोण येऊन गेलं ते सांगेन. पायाकडे डाग, म्हणजे गाडी चालवणारा. नडगी मोडलेली, वय मिसरूड फुटल्यापासून पोरांचा बाप होईपर्यंतचं. असे सगळ्यात जास्त. त्यांचं डोकंही फुटतं, कारण हेल्मेट कोपराला अडकवलेलं असतं. हातखंब्याच्या नाक्यावर पोलीस दिसला की डोक्यावर, पुढे गेलं की पुन्हा कोपराला. एकाला शिवा म्हणाला, "काय रे, डोका घरी ठेवून आलास काय?" तो हसला. त्याला हसता आलं, म्हणून हे लक्षात राहिलं. गणपतीत, शिमग्यात मुंबईकर येतात. भावाची गाडी घेतात, वळणं विसरलेले असतात. म्हाताऱ्यांचा खुबा जातो, रस्ता ओलांडताना. पेट्रोलच्या टाकीवर बसवलेल्या पोरांचे दात जातात.

आणि डाग उशाशीच असला, बाकी गादी कोरडी, म्हणजे मागे बसलेली बाई. लुगड्यात एका बाजूला बसते. एक हात सीटला. दुसऱ्या हातात छत्री.

सुंदराबाई अशीच आली. श्रावणातली दुपार होती. तिचा मुलगा अमरदीप मुंबईला कंपनीत, रजेवर आलेला. आईला संगमेश्वरला मावशीकडे घेऊन निघाला होता. रिक्षातून उतरवून तिला माझ्यावर ठेवलं. अमरदीपचं कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. त्याच्या डोक्यावर हेल्मेट तसंच होतं. काढायचं त्याला सुचलं नव्हतं.

"माजी आयस हाय," तो शिवाला सांगत होता. "आत्ता बोलत व्हती मागं. हळू चालव म्हणत व्हती. मी हळूच व्हतो, दादा. पुलावर वारा आला. तिनं सीट सोडली, छत्री नाय सोडली."

छत्री अजून तिच्या मुठीत होती. शिवाने एकेक बोट उलगडून ती काढली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली. छातीला नळी लावली. पुन्हा बॅटरी मारली. मग ती विझवून खिशात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

"बापूस येतोय माजा," अमरदीप म्हणाला. "त्याला काय सांगू?"

तो माझ्या दांडीला धरून उभा राहिला.

त्याचा बाप भिकू आला. बायकोच्या तोंडावरची चादर त्याने बाजूला केली, बघितलं, पुन्हा नीट घातली. मग विचारलं, "छत्री कुठाय?"

शिवाने आणून दिली. काळी, वाकड्या मुठीची, दोन काड्या मोडलेली.

"आबा, गाडी मी चालवत व्हतो," अमरदीप म्हणाला.

"तू गाडी चालवत व्हतास." भिकू एक मोडकी काडी सरळ करत राहिला. "ती नको म्हणत व्हती, रं. म्याच हातात दिली. परवाच ताप उतरलाय, म्हटला डोका भिजवू नको."

मग दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले. कोणी रडलं नाही. जाताना भिकूने छत्री मिटली, बंद लावला आणि माझ्या दांडीला अडकवून ठेवली. विसरला की मुद्दाम, मला कळलं नाही.

ती अजून तिथेच आहे. शिवा मला धुतो, पुसतो, तिला हात लावत नाही. माझं एक चाक आता अडकतं, गादी फाटलीय. नवीन खाट आली की मला मागच्या पत्र्याखाली टाकणार आहेत. टाकू देत. सोसायचं होतं ते सोसून झालं.

आज दारात उभी होते. भेटायला आलेलं एक जोडपं निघालं. नवऱ्याने हेल्मेट घातलं, गाडी सुरू केली. बायको मागे एका बाजूला बसली. सर आली, तशी तिने छत्री उघडली.

"ओ वहिनी! मिटा ती!" शिवा पायरीवरून ओरडला.

"मिटा काय? डोका भिजतंय माजा!" ती हसून म्हणाली, आणि गाडी फाटकाबाहेर गेली.

भिजू दे गं बाय. भिजलेलं डोकं सुकतं.