चौकटीबाहेरचा धवला

मित्रांनो, मी एक जुना लग्नाचा अल्बम आहे. माझ्या गुलाबी मखमलीला आता जागोजागी टक्कल पडलंय आणि पानांवरचा प्लास्टिकचा कागद पिवळा होऊन कुरकुरतो. पनवेलच्या बाजारातल्या एका स्टुडिओत माझा जन्म झाला आणि तिथून मी कोन गावात, बळीरामच्या घरी आलो. माझ्यात त्याचं आणि भामाचं लग्न आहे. पहिल्याच पानावर बळीरामच्या तळहातावर इवलीशी भामा उभी आहे. ही त्या काळची करामत. तो फोटो बघायला गावातल्या बायका यायच्या आणि मी उगाच भाव खायचो.

त्या लग्नात फोटोवर किती खर्च करायचा हे बळीरामच्या वडिलांनी, काळूरामबाबांनी ठरवलं होतं. रोल मोजके आणि पाहुणे अख्खी पंचक्रोशी. त्यांचा हुकूम असा, की जो आहेर देईल त्याचा फोटो निघालाच पाहिजे, कुणी रुसून जाता कामा नये. म्हणून माझ्या पोटात पानंच्या पानं आहेर आहेत. हंडा, कळशी, पाकीट, पुन्हा हंडा. पान उलटत जाल तशी बळीरामची मान हारांच्या ओझ्याने खाली खाली जाते. कळंबोलीचा लोखंडवाला शेठ माझ्यात आहे, बेलपाड्याची सगळी मेहुणेमंडळी आहे, आणि कुणाकडून आला होता हे आजवर न कळलेला एक गृहस्थ तर तीन फोटोंत आहे. नाही ती फक्त बळीरामची आई, ठमाबाई.

ठमाबाई गावची धवलारीण होती. तुम्ही हा शब्द ऐकला नसेल, म्हणून सांगतो. आमच्याकडच्या आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत विधीविधीला गाणं असतं. त्याला धवला म्हणतात, आणि धवले गाऊन विधी पार पाडणारी ती धवलारीण. ठमाबाईचा नेम असा, की धवला एकदा धरला की मध्ये तोडायचा नाही, मग मांडवाला आग लागो. स्टेजवरून घरच्यांच्या फोटोची हाक आली तेव्हा ती मांडवात खाली बसून धवला म्हणत होती. तो संपवून, पदर सावरून ती आली, तोवर रोल संपला होता.

तिला त्याचं काही वाटलं नाही. दुपारी काम आटोपलं की ती मला मांडीवर घ्यायची. फोटोच्या चौकटीबाहेर, रिकाम्या काळ्या पुठ्ठ्यावर बोट ठेवायची आणि नातीला, अंकिताला सांगायची, "इथं मी बसले व्हते. या टायमाला हा धवला चालला व्हता." मग तो धवला हळू आवाजात म्हणायची. पान उलटलं की पुढचा. अंकिता ऐकता ऐकता तिच्या मांडीवर झोपून जायची. मी मात्र जागा असायचो. माझे ते सोन्याचे दिवस होते.

मग अंकिता शिकली, नोकरीला लागली आणि तिचं लग्न ठरलं. मोबाइल आल्यापासून मला कुणी विचारत नव्हतं. मी कपाटात जुन्या शालींखाली पडून होतो. एका दुपारी भामाने मला बाहेर काढलं. ओसरीवर प्रितम नावाचा फोटोग्राफर टॅबलेट उघडून बसला होता.

"काका, प्री-वेडिंग, कँडिड, एलईडी वॉल, सगळं पॅकेजमध्ये बसवतो," तो बळीरामला म्हणत होता. "फक्त मांडवात वेगळा कॅमेरा पाहिजे असेल तर पॅकेजमधला ड्रोन कमी करावा लागेल. तुम्ही सांगितलेल्या रकमेत दोन्ही नाही बसत."

भामाने मला बळीरामपुढे उघडून ठेवलं. "बघा यात. आई कुठंच नाय. येक कॅमेरा मांडवात ठेवा. त्यांचं धवलं येऊ द्या. ड्रोन नको."

बळीराम माझी पानं उलटत राहिला. शेवटापर्यंत गेला आणि पुन्हा मागे आला. मला वाटलं, जमलं. मला हात असते तर मी त्याचं बोट धरून त्या काळ्या पुठ्ठ्यावर टेकवलं असतं. पण मला हात नाहीत.

"गावात आता परतेक लग्नात ड्रोन उडतो," तो शेवटी म्हणाला. "आपल्याकडं नाय उडला तर लोकं बोलतील, बळीरामनं पोरीच्या लग्नात हात आखडला." मग आईकडे वळला. "आई, तू सांग."

ठमाबाई कोपऱ्यात वालाच्या शेंगा सोलत होती. तिने मानही वर केली नाही. "माजा फोटो कशाला? मी काय नवरी हाय? पोरीची हौस करा."

"आजी, मी काढते ना तुझा व्हिडिओ माझ्या मोबाइलवर. सगळे धवले घेते," अंकिता म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं होतं, याला मी साक्षी आहे. पण हळदीच्या दिवशी नवरीच्या हातात मोबाइल कुठून येणार? ड्रोन ठरला आणि मी पुन्हा शालींखाली गेलो.

हळदीच्या दिवशी मी कपाटातून सगळं ऐकत होतो. डीजे दणाणत होता. दोन गाण्यांच्या मधल्या फटीत ठमाबाईचा आवाज यायचा, की लगेच पुढचं गाणं सुरू. स्टेजवरून हाक आली, "घरचे सगळे या, फॅमिली फोटो." मांडवातून ठमाबाईचा निरोप गेला, "धवला संपू दे. आलेच." हे मी पूर्वी एकदा ऐकलं होतं, मित्रांनो. धवला संपला तोवर फॅमिली फोटो तिच्याविना उरकला होता. वर ड्रोन घोंगावत होता.

पुढच्या थंडीत ठमाबाई गेली. हार घालायला फोटो हवा म्हणून घर धुंडाळलं गेलं. मोबाइल समोर आला की ती पदर तोंडावर ओढायची, त्यामुळे सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तिचा पदरच होता. ड्रोनच्या व्हिडिओत मांडवाचं छप्पर सुंदर आलं होतं. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतला. भिंतीवर ती आता कुणावर तरी रागावल्यासारखी दिसते. बळीराम त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.

अंकिता माहेरी आली की मला मांडीवर घेते. परवा तिने चौकटीबाहेरच्या काळ्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आई, इथे कुठला धवला होता गं?" भामा म्हणाली, "नाय ग आठवत." मला आठवत होता. माझ्या प्रत्येक पानाचा धवला मला पाठ आहे, आणि मला तोंड नाही, याचं इतकं दुःख मला कधी झालं नव्हतं.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी लग्न निघालं की खुशाल हौस करा. ड्रोन उडवा, माझी ना नाही. पण खर्चाचं ठरवायला बसाल तेव्हा मांडवात खाली कोण बसणार आहे ते आधी विचारा, आणि कॅमेरा तिथे न्या. ते माणूस कामात असेल, स्टेजवर यायचं नाही. माझा फोटो कशाला, असंच म्हणेल. तरी न्या.