फणसावरचा पांढरा आकडा

शेजारच्या कृष्णमूर्तींनी जुनं घर पाडून तीन मजल्यांचं काढलं, तेव्हापासून ते माझ्या परसातल्या फणसाच्या मागे लागले. फांद्या त्यांच्या खांबाला आड येतात म्हणे. वीस वर्षं त्याच फणसाचे गरे खाताना आड आल्या नाहीत.

माझ्या मुलानं, उल्हासनं, फणस तोडू देऊ नये म्हणून झाडांच्या कचेरीत अर्ज दिला. एका सकाळी दोन माणसं आली, बुंध्यावर पांढऱ्या रंगानं आकडा काढला आणि "सरी अज्जी", म्हणजे बरं आजी, एवढंच म्हणून गेली. मी पदर खोचून विचारायला बाहेर येईपर्यंत स्कूटर वळलीसुद्धा.

राजाजीनगरात आमच्या इथं रस्ता रुंद केला तेव्हा अशाच आकड्यांची झाडं आठ दिवसांत आडवी झाली होती. काथ्या, राख, रॉकेल घेऊन बसले आणि दुपारपर्यंत बुंधा लख्ख केला.

संध्याकाळी उल्हासनं कपाळाला हात लावला. "आई, तो आकडा झाड राखायचा होता."

"आणि रस्त्यावरचे?"

"ते तोडायचे."

"रंग वेगळा होता?"

"नाही, तोच."

"मग कळायचं कसं?"

"त्यांच्या वहीत असतं."

वही कचेरीत, झाड माझ्या परसात. दुसरीत शाळा सुटली माझी, पण एवढा अडाणी कारभार मी घरात चालवला नाही.

सकाळी कृष्णमूर्तींचा खंडोजी मेस्त्री कोयता घेऊन कुंपणाशी आला. "अक्का, आकडा दिसत नाही. फांद्या स्वल्प उतरवू?"

"आधी पुढच्या दारी जा. सून चहा देतेय."

तो गेला तशी मी चुना कालवला. आकडा चाराचा होता की साताचा, आठवेना. दोन्ही काढले. चुना उरला, त्यानं तेच आकडे कुंपणालगतच्या त्यांच्या नव्या खांबावर काढले.

खंडोजी परतला आणि फणसाकडे नि खांबाकडे आळीपाळीनं बघू लागला. "अक्का, यातलं पाडायचं कुठलं?"

"वहीत बघ."

त्यानं कोयता खाली ठेवला. काम थांबलं, कृष्णमूर्ती कचेरीत गेले.

आज तीच दोन माणसं आली. वही उघडली, फणस पाहिला, खांब पाहिला, आपसात कुजबुजली. मग दोन्हींवर नवा आकडा काढला, आधीपेक्षा मोठा.

"राखायचा की तोडायचा?" मी या वेळी वाट अडवूनच विचारलं.

"सरी अज्जी," म्हणाली आणि गेली.

काथ्या हातात घेऊन फणसाखाली बसले आहे. उल्हास यायला अजून दोन तास आहेत.