मास्तर आणि पाल्याची कॅप्सूल

शिवणकाम करणाऱ्या मास्तरांना सुईचं भय कधीच नव्हतं. साखरेच्या आजारापायी रोज पोटाला टोचून घेताना ते म्हणत, "जन्मभर मी टोचलं, आता तिची पाळी." औषध मात्र महाग. कापड बेतून वापरावं तसं ते इन्सुलिनही बेतून वापरत, लेकीला कळू न देता. पण लेकीला कळलंच. म्हणून तर ती शिकून शिकून शेवटी काचघरात लेट्यूस लावत बसली. "एवढं शिकलीस आणि पाला पिकवतेस?" म्हणत मास्तर तिला माळीणबाई म्हणू लागले. मनातून हरखलेले असत, पण बोलून दाखवतील तर शपथ!

तिने जनुकांत बदल केलेल्या त्या पाल्यातच इन्सुलिन तयार होई. पानं वाळवून पूड केली की झालं. ना सुई, ना फ्रिज, ना भारी खर्च. पानाच्या पेशीची भिंतच औषधाला पोटातल्या आम्लातून सुखरूप आतड्यापर्यंत नेई. आता माणसांवर चाचणी होती आणि मास्तरांचा नंबर लागला होता.

इथेच घोडं अडलं. मास्तरांना कॅप्सूल गिळता येईना. नर्ससमोर दोनदा फजिती झाली. उद्या नाही जमलं, तर नाव कटणार होतं.

संध्याकाळी दुकानात लेकीने वाटाण्यावर सराव घेतला. वाटाणा बाहेर.

"घसाच मिटतो गं, माझं ऐकत नाही."

"लहान मुलंसुद्धा गिळतात, बाबा!"

मास्तर रुसले. मशीनकडे वळले, ओठांत टाचण्या धरल्या आणि दुमड घालू लागले. लेक बघतच राहिली. लहानपणी दुकान बंद होताना ती रोज त्यांना "आ करा" म्हणायची, एखादी टाचणी पोटात गेली नाही ना हे बघायला. तोंडात टणक काही असलं की गिळायचं नाही, हे त्या घशाने जन्मभर पाळलं होतं. तिला भडभडून आलं.

"बाबा, टाचण्या डबीत ठेवा. डबी हातात धरा."

"का?"

"घशाला कळू दे, तोंडात नाहीत ते."

"घशाला काय डोळे आहेत?" म्हणाले, पण डबी धरली. वाटाणा गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डबी मुठीतच होती. तुलनेसाठी काही कॅप्सूलमध्ये इन्सुलिन नसलेला, नुसता साधा पाला होता. कुठली कुणाची, हे लेकीलाही माहीत नव्हतं.

"साधाच निघाला तर?" ती पुटपुटली.

"तुझ्या हातचा आहे ना? मग जाईल."

गेला.

"आ करा," नर्स म्हणाली.

मास्तरांनी मोठ्ठा आ केला, पण लेकीकडे वळून.