खंड्या यानाची खुर्ची

मी एक खुर्ची आहे. आयुष्य काढलं अंतराळात, पण पहिले दिवस गेले ते मँचेस्टरमधल्या ग्रिमशॉ नावाच्या न्हाव्याच्या दुकानात. माझ्यावर बसून माणसं डोळे मिटून घेत आणि फुटबॉलच्या पंचांना नावं ठेवत. माझ्या पायाशी एक कळ होती. तिच्यावर पाय मारला की मी वर चढे, आणि उलटी ओढली की सुस्कारा टाकत खाली येई.

ग्रिमशॉ थकले, दुकान बंद झालं आणि दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतले सुतार मला घेऊन गेले. त्यांनी मला चंदेरी रंग फासला, डोक्यामागे केक भाजायचे दोन साचे ठोकले, आणि मी 'खंड्या' नावाच्या अंतराळयानातलं कॅप्टनचं आसन झाले. मालिकेचं नाव होतं 'ध्रुवापलीकडे'. यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या होत्या. कुणी दार जोरात लोटलं की सगळे तारे हलत.

कॅप्टन हॉल्टचं काम लेनर्ड प्रेस्टविच करत. उंचपुरा माणूस. बसण्याआधी ते माझ्या हातावर दोनदा थोपटत, जणू मी घोडी होते. त्यांच्या शेजारी यंत्रज्ञाच्या कामात कथबर्ट हॅसलम उभे असत. दोघांनी कित्येक वर्षं एकाच किटलीतला चहा प्यायला. चहाच्या सुट्टीतसुद्धा लेनर्डशिवाय माझ्यावर कोणी बसायचं नाही, असा तिथला रिवाजच पडला होता.

मग लेनर्डच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं आणि ते बायकोबरोबर व्हिटबीला, समुद्राकाठी राहायला गेले.

त्यांच्या जागी आली उना कॅटरॉल. ओल्डमच्या नाटक मंडळीतली पक्की नोकरी सोडून आलेली, ठेंगणी, शांत मुलगी. ती कॅप्टन मेरिक होणार होती. वरच्या साहेबांनी निर्मात्या ऑड्री फेनविक यांना बजावलं होतं, की प्रेक्षकांनी नवा कॅप्टन स्वीकारला नाही तर मालिका बंद. उनाला हे पहिल्याच दिवशी कळलं. मलाही.

ऑड्रीबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हॉल्टचं नावसुद्धा काढायचं नाही. भाग सुरू होतो तेव्हा मेरिकच कॅप्टन आहे. आठवण करून दिली नाही की लोक विसरतात."

कथबर्ट म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं ज्याच्या शेजारी उभा राहिलो तो माणूस यानातून नाहीसा झाला, आणि मी विचारायचंही नाही, की बाबा गेला कुठे?"

"नाही विचारायचं."

"मांजर हरवलं तरी माणूस गल्लीत चार घरी विचारून येतो, ऑड्री."

तालमीत उना माझ्यावर बसली, तर तिचे पाय जमिनीला टेकेनात. तारे हलवणारा कामगारही हसला. कथबर्ट तिला म्हणाले, "बाई, तुमच्यासाठी पाट मागवू का?" ती उठली, आणि त्यानंतर सगळे प्रसंग तिने उभ्यानेच केले. ऑड्रीबाईंनी माझ्याकडे पाहून सुताराला विचारलं, "ही अडगळ कशाला मध्ये?" तेव्हा माझ्या स्प्रिंगांत धडकी भरली.

त्या काळी चित्रण नाटकासारखं एका दमात होई. फीत कापणं महाग पडे, म्हणून भिंत कोसळल्याशिवाय कोणी थांबत नसे. वाक्य चुकलं तर चुकलेलंच घरोघर दिसे. शिवाय त्या दिवशी दुपारनंतर तीच जागा पाककृतीच्या कार्यक्रमाला द्यायची होती. त्यांचे बटाटे दाराबाहेर येऊन पडले होते.

प्रसंग सुरू झाला. यान उल्कांमध्ये सापडलेलं. कथबर्ट धावत आले आणि सवयीने माझ्याकडे वळून म्हणाले, "कॅप्टन हॉल्ट, डावं इंजिन गेलं."

माझ्यावर कोणीच नव्हतं.

सगळे गोठले. कॅमेरा चालूच होता. कथबर्टांचा चेहरा पांढरा पडला. पुढचं वाक्य त्यांना आठवेना. उना माझ्यामागे उभी होती. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"ते इथे नाहीत," ती म्हणाली. हे वाक्य कुठेही लिहिलेलं नव्हतं. "मलाही दर वेळी वाटतं, की खुर्ची वळेल आणि ते दिसतील. म्हणून मी बसत नाही. त्यांच्याच मापाची आहे अजून."

कथबर्ट तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नाक पुसलं, माझ्याजवळ आले, वाकले आणि माझी कळ ओढली. सुस्कारा टाकत मी खाली आले. इतक्या वर्षांत कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच.

"बसा, कॅप्टन," ते म्हणाले. "डावं इंजिन गेलंय. काय करू सांगा."

ती बसली. तिचे पाय टेकले.

भाग संपला तेव्हा ऑड्रीबाई नियंत्रणकक्षाच्या काचेमागून बाहेर आल्या. आता ओरडणार असं सगळ्यांना वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं चुकत होतं. हे असंच जाऊ दे." कथबर्टांनी उनापुढे चहाचा पेला ठेवला. "घे पोरी, साखर दोन चमचे घातलीय. नको असेल तर ढवळू नकोस."

भाग दाखवल्यावर लोकांचे फोन आले. बरेचसे रागावलेले होते, पण रागावून का होईना, पुढच्या आठवड्यात ते पुन्हा बघायला बसले. एक फोन व्हिटबीहून आला. उना ऐकत राहिली, हसली, डोळे पुसले आणि म्हणाली, "हो, खुर्ची करकरते अजून. नाही, तेल नाही घालू देणार."

मालिका चालू राहिली. पुढे उनाही गेली आणि तिसरा कॅप्टन आला. त्या वेळी तिचं नाव कोणी लपवलं नाही. यानातल्या सगळ्यांनी तिला रीतसर निरोप दिला, आणि नव्या माणसाला कथबर्टांनीच माझ्यापर्यंत आणून बसवलं.

आता मी एका लहानशा संग्रहालयात असते. माझा चंदेरी रंग उडालाय, एक साचा गळून पडलाय. लोक येतात आणि खरा कॅप्टन कोणता यावर भांडतात. परवा एक आजोबा नातीला म्हणत होते, "हॉल्ट तो हॉल्ट." नात म्हणाली, "तुम्ही मेरिकच्या वेळी रडला होतात, आजीने सांगितलंय."

मला विचाराल तर मी कोणाचंच नाव सांगणार नाही. प्रत्येकाने मला आपापलं वजन विश्वासाने दिलं. न्हाव्याच्या दुकानातून निघालेल्या खुर्चीला याहून जास्त काय हवं? मी सगळ्यांची ऋणी आहे.

फक्त एक विनंती आहे. माझ्याभोवती दोरी बांधलीय आणि 'बसू नये' अशी पाटी लावलीय. ज्यांच्या हातात असेल त्यांनी ती दोरी कधीतरी सोडावी. ती नात बराच वेळ दोरीला टेकून उभी होती.