धाकटीचं माप

मित्रांनो, मी एक जुनी माप घ्यायची टेप आहे. माझा पिवळा रंग उडालाय, पहिले चार आकडे तर बोटांनी पार पुसून गेलेत. कारखान्यातून निघाले तेव्हा कशी कडक, चकचकीत होते! तिथून शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या गळ्यात पडले, ती कायमचीच.

बाईंना जुळ्या मुली झाल्या, कुशीला कूस जोडलेल्या. नर्सने कागदावर जिला आधी लिहिलं ती थोरली, दुसरी धाकटी. बाई त्यांच्यासाठी दोन गळ्यांचा, एका घेराचा झगा शिवत. लोक आधी टक लावून बघत, मग ओशाळून शिलाईचं कौतुक करत. मला तेवढंच पुरे होई. माप मात्र बाई थोरलीचंच घेत. मशीनच्या बाजूला तीच उभी असे ना! "दोघी सारख्याच तर आहेत," असं म्हणत.

मुली चौदा वर्षांच्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "वेगळ्या करता येतील. धोका आहे. घाई नाही, पण विचार करा." बाईंनी विचार केला तो एकटीनेच. दोन वेगळे निळे ड्रेस शिवूनही टाकले. मी आठवडाभर खिळ्याला लटकलेली. मापं त्यांना तोंडपाठ होती.

ड्रेस अंगाला लावून पाहिले. थोरलीला बरोबर. धाकटीच्या खांद्यावरून ओघळला.

"आई, हा कुणा जाडीसाठी शिवलास गं?" धाकटी हसली. "माझं माप कधी घेतलंस?"

"अगं, तुम्ही दोघी..."

"दोघी नाही. मी."

बाई उठल्या. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. चौदा वर्षांत त्या खांद्याला माझा पहिल्यांदा स्पर्श झाला. थोरलीपेक्षा दीड इंच कमी भरला.

"ऑपरेशनचं तुला काय वाटतं?" बाईंनी फक्त तिला विचारलं.

"थांबा, मी ऐकत नाही," म्हणत थोरलीने कानांत बोटं घातली.

"भीती वाटते आई. हिचा श्वास ऐकू आला नाही तर मला झोप लागत नाही. आत्ता नको."

मग धाकटीने कान झाकले. थोरली हळूच म्हणाली, "मला हवंय. पण ती नको म्हणाली असेल, तर थांबू."

धाकटीची बोटं सैल होती. तिने बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

निळे ड्रेस आता कपाटात आहेत. दर वाढदिवसाला बाई दोन्ही मापं घेतात आणि तोच प्रश्न एकेकीला विचारतात. पुढच्या वेळी उत्तर काय येईल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मला ताणू नका, ताणलेली टेप खोटं सांगते. आणि माप घ्याल तेव्हा पलीकडे उभ्या असलेल्या मुलीपर्यंतही मला न्या.